नमस्कार करणारा बोर्ड

आमच्या प्रयोगशाळेतला सर्किटचा एक बोर्ड चालू केला की आधी नमस्कार करायचा आणि मग कामाला लागायचा. नमस्कार म्हणजे त्याच्यावरचे सगळे बारके दिवे क्षणभर एकदम मंद उजळायचे, विझायचे, आणि त्यानंतर ज्यानं त्यानं आपापलं काम सुरू करायचं. बोर्डाच्या या वळणाचं आमच्या महाविद्यालयात फार कौतुक होतं. विद्यार्थी करत नाहीत, निदान बोर्ड तरी करतो, असं आमचे प्राचार्य म्हणायचे. धाराशिवात अभियांत्रिकी शिकवण्यात माझी नोकरी सरली. आता घरी बसल्यावर लोक विचारतात, "सर, तुम्ही नेमकं काय शिकवायचात?" तेव्हा मला पहिल्यांदा हा बोर्डच आठवतो.

विषयाचं नाव एम्बेडेड सिस्टिम्स. नावाला घाबरू नये, आमचे बरेच प्राध्यापकही नावापलीकडे गेलेले नाहीत. यंत्राच्या पोटात बसवलेला छोटा संगणक, एवढाच त्याचा अर्थ. कंडक्टरच्या हातातल्या तिकिटाच्या मशीनमध्ये तो असतो. शेतातली मोटार घरून फोन लावून सुरू होते, त्या डब्यातही तोच असतो.

या संगणकाचे दोन प्रकार पडतात. एक प्रोसेसर. तो म्हणजे बँकेतल्या एकुलत्या एक खिडकीवरचा कारकून. अतिशय चपळ, पण एका वेळी एकच माणूस घेणार. दुसरा प्रकार एफपीजीए. ही चिप कारखान्यातून येते तेव्हा कोरी असते. आपण सर्किटचा नकाशा लिहून तिला द्यायचा आणि ती ते सर्किट बनून बसते. उद्या दुसरा नकाशा दिला की दुसरं सर्किट. भिंती न फोडता घराचं वायरिंग रोज बदलता यावं, तसं. इथं खिडकीही नाही आणि रांगही नाही, प्रत्येक दिव्याला स्वतःची तार. आमच्या बोर्डावरच्या एकाच चिपमध्ये कारकूनही होता आणि कोरं वायरिंगही होतं. कुठलं काम कारकुनाला सांगायचं आणि कुठलं थेट तारांवर सोडायचं, हे ज्याला ठरवता आलं त्याला हा विषय आला. ज्या संस्थेत परीक्षेचं काम, वृक्षारोपण आणि पाहुण्यांची गाडी धुऊन घेणं हे सगळं एकाच प्राध्यापकाला सांगतात, तिथं हे शिकवायचं होतं, हे वाचकांनी लक्षात ठेवावं.

बोर्ड आले तेव्हा कंपनीचा माणूस सोबत आला होता. त्यानं चौकातल्या सिग्नलचा नकाशा चिपमध्ये भरून दाखवला. लाल, पिवळा, हिरवा. आम्ही टाळ्या वाजवल्या, तो चहा पिऊन गेला, आणि बोर्ड कपाटात गेले. कपाटाची किल्ली नरहरीमामांच्या कमरेला. नरहरीमामा आमचे प्रयोगशाळा सहायक. वस्तू वापरली की बिघडते, या तत्त्वावर त्यांनी सगळी नोकरी केली आणि त्यांच्या ताब्यातली एकही वस्तू कधी बिघडली नाही.

वर्षातून दोनदा बोर्ड बाहेर निघत. एकदा खंडेनवमीला. गावात लोक नांगर, कात्र्या, रिक्षा पुजतात, आमच्याकडं एफपीजीए. मामा बोर्ड ओळीनं पाटावर मांडायचे, हळदकुंकू बोटभर लांबून वाहायचे, कारण ओलं कुंकू चिपच्या धातूच्या बारीक पायांमध्ये गेलं तर काय होईल हे त्यांना कुणीतरी सांगून ठेवलं होतं. झेंडूचं फूल मात्र थेट चिपवर. मग वीज द्यायची. सगळे दिवे एकदम मंद उजळले की मामा हात जोडायचे. "बघा सर, नमस्कार केला." तिथूनच तो शब्द पडला. प्रयोगशाळेचा नियमही तिथूनच निघाला. आधी वीज द्यायची, बोर्डाला नमस्कार करू द्यायचा, आणि मगच बाकीच्या तारा जोडायच्या. नमस्काराच्या आधी बोर्डाला काही जोडणं मामांना अशुभ वाटायचं. मुलं हसायची, पण किल्ली मामांकडं असल्यामुळं नियम पाळायची.

दुसऱ्यांदा बोर्ड निघायचा तो तपासणीच्या समितीपुढं. तोच सिग्नल, तेच लाल-पिवळा-हिरवा. पुन्हा पुन्हा बदलता येणं हाच जिचा गुण, ती चिप आमच्याकडं येऊन एकदाही बदलली नव्हती. समितीचे सदस्य मान डोलवायचे. शहरात सिग्नलला कुणी थांबत नाही, निदान टेबलावर तरी शिस्त आहे, याचं त्यांना समाधान वाटत असावं. मी मात्र फळ्यावर शिकवायचो. खडूनं काढलेली चिप कधी जळत नाही आणि कधी चुकतही नाही. मुलं तीच चिप परीक्षेत काढायची आणि चांगले गुण मिळवून पुण्यात भलत्याच कामाला लागायची. या सगळ्याचं मला वाईट वाटत होतं, पण वाईट वाटण्याची माणसाला सवय होते.

मध्ये एक गिऱ्हाईक आलं होतं. नळदुर्गजवळच्या हायवेवरचा एक ढाबेवाला. त्याला ट्रकवाल्यांना लांबून दिसेल असा पळता बाण हवा होता. आमच्या हुशार मुलांनी बाहेरून विकत आणलेल्या चिपवर त्या बाणासाठी असा काही नकाशा आखला की त्यावर रॉकेट सोडता आलं असतं. ढाबेवाल्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आमची पोरं रोज सकाळी पाइपनं पाणी मारत्यात. तेवढं चालंल न्हवं?" चाललं नाही. पहिल्याच आंघोळीत बाण गेला. त्यानं बाजारातून साधा बाण आणून लावला आणि तरीही आम्हाला बोलावून जेवू घातलं. सगळं जग एफपीजीएची वाट बघत बसलेलं नाही, हा धडा आम्ही भाकरी आणि शेंगदाण्याच्या चटणीबरोबर घेतला.

मग मेहरुन आली. शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी, तेरखेड्याची. तेरखेडा म्हणजे फटाक्यांचं गाव. तिचे वडील इस्माईलभाई यात्रेत, लग्नात शोभेचं दारूकाम करायचे. माळरानावर लोखंडी नळ्या रोवायच्या, त्यांत गोळे भरायचे, आणि हातात पेटता पलिता घेऊन एका नळीकडून दुसरीकडं पळत वाती पेटवत जायचं. आदल्या यात्रेत एक नळी कलंडली आणि गोळा इस्माईलभाईंच्या पायाला चाटून गेला. तेव्हापासून ते जरा पाय ओढत चालायचे. पळणं मात्र त्यांनी सोडलं नव्हतं.

"सर, मला अब्बांचा पलिता सोडवायचाय," ती म्हणाली. "पेटी करायची. लांबून बटण दाबलं की विजेच्या वाती एकेक पेटल्या पाहिजेत. मला बोर्ड द्या."

"मामांना विचार."

मामांनी मला बाजूला घेतलं. "सर, पोरीच्या हातात द्यायचा व्हय? जळला म्हंजे?"

"जळला तर निदान वापरला असं तरी होईल," मी म्हणालो. मामांनी किल्ली अशी काढून दिली की जणू लेक सासरी पाठवताहेत.

त्या वर्षी मी हा विषय शिकलो. इतकी वर्षं फक्त शिकवला होता. संगणकाच्या पडद्यावर अचूक चालणारा नकाशा बोर्डावर गेला की रुसायचा. बटण एकदा दाबावं, तर आतला पत्रा थरथरल्यामुळं चिप ते पुन्हा पुन्हा मोजायची. यावर मी दरवर्षी टीप लिहून द्यायचो, ती मुलं पाठ करायची. आता ती थरथर स्वतःच्या बोटाखाली पकडताना आम्हा दोघांचे कित्येक दिवस गेले. मेहरुन चिडायची नाही. फटाक्यांच्या घरातली असल्यामुळं तिचे हात शांत होते. कुठलं काम कुणाला, याचा निकालही तिनंच लावला. कुठला गोळा कधी, हा क्रम सांभाळणं कारकुनाचं काम. ठरल्या क्षणी वात पेटवणं तारांचं. आणि बंद करण्याचं लाल बटण थेट तारांवर.

"कारकून अडकला तरी थांबता आलं पाहिजे, सर," ती म्हणाली. आमच्या संस्थेच्या घटनेत हे एक वाक्य असतं तर बऱ्याच गोष्टी वेळेवर थांबल्या असत्या.

प्रयोगशाळेत पेटी उत्तम चालली. वीज दिली, बोर्डानं नमस्कार केला, मग मामांनी वातींच्या जागी छोटे बल्ब जोडले, आणि ते क्रमानं एकेक लागले. प्राचार्यांनी हे पाहिलं आणि त्यांना भविष्य दिसलं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी बॅनर छापायला टाकला. 'उद्योग-शिक्षण समन्वय' अशी अक्षरं, डावीकडं प्राचार्यांचा भला मोठा फोटो, उजवीकडं संस्थेच्या पदाधिकाऱ्यांचा त्याहून मोठा, आणि मध्ये, वाढदिवसाच्या बॅनरवर शुभेच्छुक असतात त्या आकारात, पेटी.

चाचणी तेरखेड्याबाहेरच्या पडीक रानात, दिवसाढवळ्या ठेवली. इस्माईलभाईंनी नळ्या रोवून गोळे भरले होते. ठेंगणे, दाढी पांढरी, एक भुवई कायमची गेलेली. हातात न पेटवलेला पलिता होताच.

"मास्तर, पोरगी म्हंती आता तुमाला पळायचं काम न्हाय," ते मला म्हणाले. "बघू. पेटी चालली तर यात्रेला पेटी. न्हाय तर हाय आपला पलिता."

मेहरुनच्या चेहऱ्याकडं मी बघितलं. तिच्या दृष्टीनं ही चाचणी गुणांची नव्हती.

तारा लांबवर पसरून सगळ्या वाती पेटीला जोडल्या गेल्या. पेटीला वीज देणारं बॅटरीचं बटण तेवढं राहिलं. खरं तर हे बटण मेहरुननं लांब उभं राहून दाबायचं होतं. पण फोटोग्राफरचं म्हणणं पडलं की लांबून फोटोत नळ्या येत नाहीत. मग बॅनर नळ्यांच्या शेजारी बांधला गेला. पेटी टेबलावर ठेवून टेबल बॅनरपुढं आलं, आणि प्राचार्य बटणावर बोट ठेवून कॅमेऱ्याकडं बघत उभे राहिले. इस्माईलभाईंना त्यांनी शेजारी ओढून घेतलं. "या, या, उद्योग इकडं या." मी मागं होतो आणि हे थांबवावं असं मला वाटत होतं. पण इतक्या वर्षांच्या नोकरीत प्राचार्यांच्या फोटोच्या मध्ये कुणी आलेलं मी पाहिलं नव्हतं.

"थांबा!" मेहरुन ओरडली.

तेरखेड्यात एक रीत आहे. दारूच्या कामात कुणीही, अगदी पोरानंही, थांबा म्हटलं की सगळ्यांनी हात आहेत तिथं थांबवायचे. का, ते नंतर विचारायचं. इस्माईलभाईंचा हात आपोआप उठला आणि त्यांनी प्राचार्यांचं मनगट धरलं. आमच्या महाविद्यालयात विद्यार्थिनी थांबा म्हणाली तर आधी तिला हजेरी विचारतात, त्यामुळं प्राचार्यांना काय झालं ते कळेना.

"सर," मेहरुन माझ्याकडं बघून म्हणाली. "वाती आधीच जोडल्यात. हा आता नमस्कार करंल."

मी पुढं झालो.

"करू दे की," प्राचार्य म्हणाले. "चांगलंच आहे. व्हिडिओत येईल."

नमस्कार म्हणजे काय, हे तिनं त्या एका क्षणात ओळखलं होतं. ही चिप वीज गेली की सगळं विसरते. वीज आली की आपला नकाशा शेजारच्या मेमरीतून पुन्हा वाचून घेते. तो वाचून होईपर्यंतच्या क्षणभरात ती कोरी असते. आपण कोण, आपलं काम काय, तिला ठाऊक नसतं, आणि तेवढ्या वेळात तिचे सगळे पाय आपोआप किंचित वर ओढले जातात, म्हणजे प्रत्येक पायावर थोडीशी वीज येते. तेवढ्यानं बारका दिवा मंद उजळतो. पण त्याच पायावर वात पेटवणारा ट्रान्झिस्टर बसवला असेल, तर त्याला तेवढा इशारा पुरतो. आम्ही ज्याला हात जोडत होतो तो चिपचा गोंधळ होता. आणि मामांच्या नियमामुळं आमच्या तारा नेहमी नमस्कारानंतर जोडल्या जायच्या, म्हणून हा गोंधळ प्रयोगशाळेत एकदाही दिसला नव्हता. आज सगळ्या वाती आधीच जोडलेल्या होत्या. प्राचार्यांचं बोट आणखी थोडं दाबलं गेलं असतं, तर सगळे गोळे एकदम सुटले असते आणि उद्योग व शिक्षण यांचा कायमचा समन्वय झाला असता.

सगळ्यांना लांब नेलं. इस्माईलभाईंनी स्वतः एकेक वात सोडवली. मेहरुननं त्या जागी बल्ब जोडले आणि मग वीज दिली. सगळे बल्ब एकदम लखकन पेटले आणि विझले. नंतर शहाण्यासारखे एकेक लागत गेले, पण तिकडं कुणाचं लक्ष नव्हतं.

इस्माईलभाई पेटीपाशी आले. "मास्तर, पेटी लई अदबीची हाय तुमची," ते म्हणाले. "आमच्या धंद्यात अदब न्हाय चालत. गुमान बसणारं पायजे." मग लेकीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "यंदा म्याच पळतो बेटा. तू बघ पुढं."

ती रडली नाही. परतताना गाडीत खिडकीबाहेर बघत होती. घाटात आल्यावर म्हणाली, "सर, पाय वर ओढला जातो ना? मग त्याच्याहून जास्त जोरानं खाली बांधून ठेवला तर?"

पुस्तकात हेच उत्तर आहे. प्रत्येक पायाला जमिनीशी, म्हणजे शून्य दाबाच्या तारेशी, बांधून ठेवणारा एक रेझिस्टर. विद्युत भागांच्या दुकानात त्याहून साधी वस्तू मिळत नाही. मी हे फळ्यावर किती तरी वेळा काढलं होतं, पण ते कुणाच्या पायासाठी असतं हे मला त्या घाटात कळलं. तिनं आणखी एक किल्ली बसवली. ती फिरवल्याशिवाय वातींना वीजच जाणार नाही, आणि ती सगळ्यांत शेवटी फिरवायची. मग तिनं तारा आधी जोडून वीज दिली. मामांनी डोळे मिटून घेतले होते. बल्ब काळेच राहिले. तिनं वीज काढली, दिली, मध्येच तोडली, बॅटरी अर्धमेली करून बघितली. बल्ब हूं का चूं करेनात.

मधल्या काळात समिती येऊन गेली. मी अभिमानानं नवा बोर्ड पुढं ठेवला. एका सदस्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "गेल्या वेळी चालू करताना सगळे दिवे लागायचे. आता लागत नाहीत. बिघडला का?" मी समजावून सांगू लागलो. त्यांनी घड्याळ बघितलं. ते गेल्यावर प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "ते नमस्काराचं परत टाका, सर. समितीला आवडतं." यावर मामांनीच तोडगा काढला. कपाटातला एक बोर्ड जुनाच ठेवला. तो आजही असेल. समिती आली की तो नमस्कार करतो आणि सिग्नल दाखवतो. न करणारा बोर्ड तेरखेड्याला गेला.

यात्रेच्या दिवशी सूर्य मावळल्यावर मी रानात पोहोचलो. बॅनर नव्हता. प्राचार्यांना दुसरीकडं उद्घाटन होतं. नळ्यांपासून चांगलं लांब, चिंचेच्या झाडाखाली मेहरुन पेटी घेऊन बसली होती. शेजारी इस्माईलभाई, हातात पलिता, खिशात काडेपेटी. लेकीनं काळे राहिलेले बल्ब दाखवल्यावर त्यांनी पेटीला एक संधी दिली होती, पण भरवसा अजून बसला नव्हता. वाती जोडलेल्या होत्या. तिनं वीज दिली. अंधारात नळ्या गुमान उभ्या राहिल्या. मग तिनं शेवटची किल्ली फिरवली आणि बटण दाबलं.

पहिला गोळा सुटला तसे इस्माईलभाई सवयीनं पळायला निघाले. मेहरुननं त्यांची बाही धरली. "अब्बा, थांबा." ते थांबले. पुढचा गोळा आपला आपण सुटला, मग त्याच्या पुढचा. करायला हातात काही नाही म्हटल्यावर त्यांनी नाइलाजानं मान वर केली.

एवढ्या वर्षांत त्यांनी आपलं दारूकाम कधी पाहिलंच नव्हतं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. आभाळात काय उमटतंय ते लोक बघायचे. हे खाली, धुरात, पुढची वात शोधत असायचे.

"ते निळं आपलं व्हय?" त्यांनी विचारलं.

"आपलंच, अब्बा."

"एवढं पसरतंय?"

तिचं एक बोट लाल बटणावर होतं आणि डोळे नळ्यांवर. आभाळाकडं ती एकदाही बघत नव्हती. शेवटचा मोठा गोळा वर जाऊन फुटला, त्याची सोन्याची झालर हळूहळू खाली आली, लोकांनी शिट्ट्या मारल्या आणि सगळीकडं अंधार झाला.

"परत लाव की एकदा," इस्माईलभाई म्हणाले.

"संपलं, अब्बा."

"सगळं?"

"सगळं."

ते वरच्या धुराकडं बघत राहिले. मग हातातला पलिता त्यांनी चिंचेच्या बुंध्याला टेकवून ठेवला. "पुढल्या बारीला जरा जास्त भरू," ते म्हणाले. "तू लाव. म्या बघणार."